सामाईक

सातबाऱ्यावर 'सामाईक' हा शब्द ज्याने पहिल्यांदा लिहिला असेल, त्याने वकिलांच्या पुढच्या सात पिढ्यांची सोय करून ठेवली. विहीर सामाईक, बांधावरचा आंबा सामाईक, शेतात जायची वाट सामाईक. म्हणजे नक्की काय? निम्मी निम्मी? पाळीपाळीने? की ज्याची मोटर मोठी त्याची? कागद गप्प असतो. बाकीचं भाऊबंदांनी ठरवायचं, नाहीतर कोर्टाने.

आमच्या धंद्यात हे रोजचंच. रिक्वायरमेंटमध्ये एक मोघम शब्द राहून जातो, दोन टीम त्याचे दोन अर्थ लावतात आणि रिलीजच्या आदल्या रात्री भांडण होतं. फरक इतकाच की आम्हाला दुसऱ्या दिवशी क्लायंटला फोन करता येतो. आज ज्या 'सामाईक'बद्दल लिहितोय तो १८५४ साली लिहिला गेला, आणि त्याचा अर्थ लावायला फोन करण्यासारखं कुणी उरलेलं नव्हतं.

सिअ‍ॅटलकडच्या मंडळींना निस्क्वाली नदी माहीत असते, पण माहीत आहे हे माहीत नसतं. लाँग वीकेंडला पोर्टलंडला निघालं की तासाभराने आय-फाइव्ह हायवे एका सपाट, हिरव्या, दलदलीच्या पट्ट्यातून जातो. दोन मिनिटांत पार. तोच निस्क्वालीचा त्रिभुज प्रदेश. नदी माउंट रेनियरच्या हिमनदीतून निघते आणि साधारण १२५ किलोमीटर वाहत येऊन इथे प्युजेट साउंडच्या खाडीला मिळते. उगम नॅशनल पार्कात, मुख पक्षी-अभयारण्यात, आणि मधे लाकूड कंपन्यांची जंगलं, वीज कंपनीची धरणं, शेतं, गावं आणि एक भलामोठा लष्करी तळ. नदीच्या नावाचेच लोक या खोऱ्यात हजारो वर्षं राहत आले आहेत.

आणि अर्थातच सॅमन मासा. हा डोंगरातल्या ओढ्यात जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि काही वर्षांनी प्रवाहाविरुद्ध पोहत बरोब्बर त्याच ओढ्यात परत येतो. माहेरपणाला म्हणावं, तर इथून परत जाणं नाही. अंडी घालतो आणि तिथेच मरतो. निस्क्वाली लोकांचं जेवण, व्यापार, सण, सगळं या येण्याजाण्यावर बांधलेलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे: ओढ्याची सावली, नदीचं पाणी, खाडीचा चिखल, यातलं एक जरी बिघडलं तरी मासा येत नाही.

डिसेंबर १८५४. आयझॅक स्टीव्हन्स नावाचा छत्तिशीचा गव्हर्नर या नव्या वॉशिंग्टन टेरिटरीत येऊन वर्ष झालं होतं. गोऱ्या वसाहतवाल्यांना जमीन मोकळी करून द्यायची होती आणि साहेबांना घाई होती. २६ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, मेडिसिन क्रीक नावाच्या ओढ्याकाठी निस्क्वाली, पुयालप आणि शेजारच्या इतर लोकांबरोबर तह झाला. २२ लाखांहून जास्त एकर जमीन गेली. म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा मोठा मुलूख. मोबदला ३२,५०० डॉलर, तोही वीस वर्षांच्या हप्त्यांनी. एकरी दीड सेंटसुद्धा पडत नाही, हिशोब करून बघा.

वाटाघाटी झाल्या त्या 'चिनूक जार्गन'मध्ये. ही व्यापाऱ्यांची कामचलाऊ बोली, जेमतेम काही शे शब्दांची. मासे, कातडी, घोंगड्या यांचा सौदा करायला उत्तम. सार्वभौमत्व, मालकी, हक्कांचं हस्तांतरण वगैरे सांगायला? आठवडी बाजारातल्या मोडक्या हिंदीत फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट वाचून दाखवल्यासारखं. पण तहात एक कलम होतं. आपल्या नेहमीच्या ठरलेल्या जागी मासे धरायचा हक्क या लोकांकडे राहील, आणि तो टेरिटरीच्या सर्व नागरिकांबरोबर 'सामाईक' असेल.

झालं. पडला तो शब्द.

निस्क्वालींना राखीव म्हणून दिलेली जागा होती १,२८० एकर, जंगली, खडकाळ आणि नदीपासून लांब. नदीच्या माणसांना नदी सोडून! लेशाय हा त्यांचा पुढारी यावर बिथरला. तहावर त्याच्या नावापुढे फुली आहे, पण ती त्यानेच केली का यावर आजही वाद आहे. १८५५-५६ मध्ये लढाई झाली, आणि शेवटी स्टीव्हन्सलाच नमतं घेऊन नदीच्या दोन्ही काठांची मिळून सुमारे ४,७०० एकर जागा द्यावी लागली. लेशायला ती वापरायला मिळाली नाही. एका सैनिकी अधिकाऱ्याच्या खुनाच्या आरोपावरून त्याच्यावर दोनदा खटला चालवला आणि फेब्रुवारी १८५८ मध्ये फाशी दिली. गंमत बघा (गंमत कसली!), लष्कराचेच अधिकारी म्हणत होते की लढाईत मारलेल्या माणसाबद्दल खुनाचा खटला होत नाही, आणि त्यांनी आपल्या किल्ल्याच्या हद्दीत फाशी द्यायला नकार दिला. २००४ साली राज्याच्या सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली एक खास चौकशी न्यायालय बसलं आणि त्याने लेशायला निर्दोष ठरवलं. १४६ वर्षांनी. सिअ‍ॅटलमध्ये तळ्याकाठी लेशाय नावाची छानशी वस्ती आहे. तिथे कॉफी प्यायला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं कोण जाणे.

मिळालेली जागाही टिकली नाही. १९१७ साली पहिल्या महायुद्धासाठी लष्करी छावणी हवी होती, तेव्हा राखीव जागेचा सुमारे दोन-तृतीयांश भाग, नदीच्या पूर्वेकडचा, काढून घेतला गेला. विली फ्रँक नावाच्या माणसाचं घर त्यात गेलं. त्याने नदीच्या खालच्या अंगाला सहा एकर जागा विकत घेतली. तिला फ्रँक्स लँडिंग म्हणतात. त्याचा मुलगा बिली, जन्म १९३१.

बिली फ्रँक ज्युनियरला पहिल्यांदा अटक झाली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. गुन्हा: नदीत जाळं टाकून मासे धरणे. पुढे पन्नासहून जास्त वेळा अटक झाली. राज्य सरकारचं म्हणणं असं की सामाईक म्हणजे सगळ्यांना सारखे नियम. नदीत जाळं टाकायला बंदी, तर ती सगळ्यांनाच. ऐकायला किती समतावादी! पण गोऱ्यांच्या व्यापारी बोटी मासे धरायच्या बाहेर समुद्रात आणि खाडीत; नदीत धरायचे ते हेच लोक. वरून संवर्धनाचं कारण द्यायचं. म्हणजे मोठ्या मोटरवाल्याने विहीर उपसायची आणि मग तळाशी पोहरा टाकणाऱ्याला सांगायचं की बाबा, पाणी कमी झालंय, जरा जपून. या मासेवाटपात आदिवासींच्या वाट्याला पाच टक्केसुद्धा येत नव्हते.

साठीच्या दशकात इथे 'फिश-इन' सुरू झाले. दक्षिणेत काळे विद्यार्थी गोऱ्यांच्या हॉटेलात जाऊन बसत, इथे हे लोक सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जाळं टाकत. हा एका अर्थी मिठाचा सत्याग्रहच, फक्त मिठाच्या जागी मासा. मार्च १९६४ मध्ये मार्लन ब्रँडो येऊन पुयालप नदीवर अटक करून घेऊन गेला (अर्थातच त्याच्यावर खटला भरला नाही). लाठ्या चालल्या, बोटी जप्त झाल्या. सप्टेंबर १९७० मध्ये पुयालपच्या काठावर पोलिसांनी अश्रुधुराचा मारा करून मोठी छावणी उठवली. ते बघायला खुद्द केंद्र सरकारचा वकील हजर होता. त्याच महिन्यात केंद्र सरकारने आदिवासींच्या वतीने राज्यावर खटला भरला: युनायटेड स्टेट्स विरुद्ध वॉशिंग्टन.

खटला गेला न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांच्याकडे. आयझेनहॉवरने नेमलेला, जुन्या वळणाचा, कडक म्हणून प्रसिद्ध माणूस. आदिवासींच्या बाजूने फार आशा नव्हती. पण या माणसाने एक साधी गोष्ट केली. तहाचा मसुदा काढला, तो करताना काय बोलणं झालं ते वाचलं, म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी ऐकल्या आणि त्या काळच्या इंग्रजीत 'सामाईक'चा अर्थ काय होता हे त्या काळच्याच शब्दकोशात शोधलं. १२ फेब्रुवारी १९७४ ला निकाल दिला. सामाईक म्हणजे दोघांना समान संधी. धरता येण्याजोग्या माशांपैकी निम्म्यापर्यंत तह करणाऱ्या आदिवासींचे. आणि हा हक्क सरकारने त्यांना दिलेला नाही, तो मुळात त्यांचाच होता, तहात त्यांनी तो राखून ठेवला. देणारे ते होते, घेणारे आपण.

मला हे वाक्य (म्हणजे त्याचा आशय, शब्द माझे) सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

राज्यात आग लागली. बोल्टचे पुतळे जाळले, गाड्यांवर त्याच्याविरुद्ध स्टिकर लागले, कोळ्यांनी निकाल धाब्यावर बसवून मासे धरले, आणि राज्याच्या कोर्टांनीही निकाल राबवायला अडथळे आणले. शेवटी जुलै १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल बहुतांशी कायम केला.

सिनेमा असता तर इथे 'समाप्त'ची पाटी आली असती. खरी भानगड इथून पुढे आहे, कारण बोल्टने फक्त वाटणी केली नव्हती. जमातींना राज्याच्या बरोबरीने मत्स्यव्यवस्थापनात बसवलं होतं. आता निम्म्याचा हिशोब करायचा म्हणजे आधी एकूण किती हे दोघांनी मिळून ठरवायला हवं. जमातींनी स्वतःचे जीवशास्त्रज्ञ नेमले, मासे मोजायला सुरुवात केली, १९७४ मध्येच सगळ्यांचा मिळून एक आयोग काढला. आजही दर वसंत ऋतूत राज्य आणि जमाती समोरासमोर बसून हंगाम ठरवतात, आणि दोघं एकच कॉम्प्युटर मॉडेल वापरतात. फ्रॅम त्याचं नाव. आकड्यांवरून भांडा, पण भांडण एकाच मॉडेलमध्ये! हे मला फार आवडलं. दोन टीमनी आपापली एक्सेल शीट घेऊन मीटिंगला येण्याचे परिणाम ज्यांनी भोगलेत त्यांना कळेल. सगळं गोड चालतं असं नाही. २०१६ मध्ये ठरल्या वेळेत एकमत झालंच नाही आणि हंगाम लांबला.

आणि मोजायला लागल्यावर दोघांनाही दिसलं की एकूणच घटतंय. शून्याचे निम्मे शून्य. भांडण मासा कुणी धरायचा यावर होतं, तर मासा येतच नव्हता. ओढ्याकाठची झाडं तोडलेली, ओढे सरळ करून नाले केलेले, खाडीला बांध घातलेला. त्याचा इलाज जाळ्यात नव्हता, खोऱ्यात होता. आणि खोरं कुणा एकाचं नव्हतं.

इथे दोन रस्ते होते. कोर्टात जाऊन प्रत्येक शेतकरी, प्रत्येक लाकूड कंपनीविरुद्ध लढायचं, नाहीतर बोलायचं. १९८४-८५ च्या सुमाराला राज्याच्या मत्स्य खात्याचे प्रमुख बिल विल्करसन आणि बिली फ्रँक यांनी कोर्टाऐवजी टेबलाचा रस्ता धरला. त्याच सुमाराला विधिमंडळाने निस्क्वालीच्या खोऱ्याचा आराखडा करायला सांगितलं. पहिल्या बैठका तापलेल्या होत्या. शेतकऱ्यांना वाटलं, सरकार आणि आदिवासी मिळून नदीकाठच्या जमिनी घशात घालणार. भीती अगदीच खोटी म्हणता येणार नाही, नदीकाठी ज्याचं घर आहे त्याला 'आराखडा' हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतोच. पण जमातीची भूमिका अशी होती की शेतं राहू देत, जंगलं राहू देत, कारण शेतं गेली तर तिथे येणार ती घरं आणि पार्किंग. सॅमनला गाय परवडते, मॉल नाही परवडत.

१९८७ मध्ये आराखडा मंजूर झाला आणि निस्क्वाली रिव्हर कौन्सिल उभं राहिलं. त्यात जमात, काउंट्या, गावं, नॅशनल पार्क, अभयारण्य, टॅकोमाची वीज कंपनी आणि लष्करी तळ. हो, १९१७ साली ज्याच्यासाठी जमीन गेली तोच तळ. गावकऱ्यांची वेगळी समिती. कौन्सिलला कायद्याने दंड करायचा, परवाना नाकारायचा असा कसलाही अधिकार नाही. दर महिन्याला भेटायचं, बोलायचं. कुणी म्हणेल, मग हे चहा-बिस्किटाचं मंडळ झालं. जगभर अशी मंडळं पैशाला पासरी आहेत, आदिवासींना व्यासपीठावर बसवतात, सुरुवातीला त्यांचा नाच ठेवतात आणि निर्णय आधीच झालेला असतो. इथे तसं झालं नाही याचं कारण मला सरळ दिसतं. टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की बिलीच्या खिशात सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. त्याने तो काढून दाखवायची गरज नव्हती. भागीदारी आधी आणि हक्क मागून, असा क्रम असता तर ही गोष्ट मला लिहावी लागली नसती. बिलीचं मोठेपण हे की पन्नास अटका खाल्लेला माणूस तो निकाल खिशात ठेवून शेतकऱ्याला 'तू राहा' म्हणाला.

मग कामं सुरू झाली, बहुतेक कंटाळवाणी. १९८९ मध्ये एक लँड ट्रस्ट निघाला, तो नदीकाठचे तुकडे विकत घेऊन राखू लागला. ओहोप नावाचा ओढा वसाहतवाल्यांनी शेतीसाठी सरळ नाल्यात घातला होता. त्याला २००९ पासून परत वळणं खणून दिली. (ओढ्याला वळणं द्यायला इंजिनियर लागतात, यावर हसायचं की रडायचं?) मॅशेल नदीत मोठाले ओंडके मुद्दाम रचून ठेवले, कारण माशाच्या पिल्लांना त्यांच्या आडोशाला खोल, संथ पाणी मिळतं. शाळेतली पोरं नदीचं पाणी तपासतात. १९९८ च्या कायद्याखाली खोऱ्याचं पाणीनियोजन करायचं ठरलं तेव्हा पुढारपण शेजारच्या काउंटीकडे नाही, निस्क्वाली जमातीकडे आलं.

सगळ्यात मोठं काम खाडीत झालं. तिथे १९०४ साली ब्राऊन नावाच्या एका वकिलाने मोठा बांध घालून समुद्राचं पाणी अडवलं आणि शेती केली. आपल्या कोकणातल्या खारबंदिस्तीसारखंच. १९६०-७० च्या दशकात तिथे बंदर करायच्या योजना होत्या. त्या मार्गारेट मॅकेनी आणि फ्लो ब्रोडी या दोघी आणि त्यांच्याबरोबरच्या गावकऱ्यांनी हाणून पाडल्या, आणि १९७४ मध्ये, बोल्टच्याच वर्षी, अभयारण्य झालं. पण बांध तसाच होता. पूर्वेकडची शेतजमीन जमातीने मिळवली आणि आपल्या बाजूचे बांध आधी फोडले. मग २००९ मध्ये अभयारण्याने आपले ७६२ एकर भरतीच्या पाण्याला मोकळे केले. काही पक्षीवाले नाराज झाले, बांधावरचा त्यांचा आवडता फेरफटका गेला. आता तिथे लाकडी पायवाट आहे. मी गेलो तेव्हा ओहोटी होती. मैलभर नुसता चिखल, मधून वळत जाणाऱ्या चरा, आणि एक आजोबा भल्यामोठ्या लेन्समधून काहीतरी बघत होते. मला तरी बराच वेळ काहीच दिसलं नाही. पण सॅमनची पिल्लं समुद्रात जाण्याआधी याच खारट चिखलात खाऊन-पिऊन मोठी होतात. बिलीला हे बघायला मिळालं. तो २०१४ मध्ये गेला. २०१५ मध्ये अभयारण्याला त्याचं नाव दिलं. ज्या नदीवर मासे धरले म्हणून पकडला, त्याच नदीच्या मुखाला.

आणि तो शब्द अजून चालूच आहे. २००१ मध्ये जमातींनी त्याच जुन्या खटल्यात नवा अर्ज केला, मोऱ्यांबद्दल. मोरी म्हणजे आंघोळीची नव्हे, रस्त्याखालून ओढा जायला घातलेली. राज्याच्या हमरस्त्यांखाली शेकडो मोऱ्या अशा की मासा वर चढूच शकत नाही. जमातींचं म्हणणं: मासे धरायचा हक्क दिलात, आणि मासा येईल असा रस्ता बंद केलात, तर हक्क कसला? राज्याने सुप्रीम कोर्टापर्यंत ताणलं. जून २०१८ मध्ये तिथे मतं पडली चार विरुद्ध चार. नववे न्यायमूर्ती केनेडी बाजूला झाले होते, कारण १९८५ मध्ये खालच्या कोर्टात असताना त्यांनी याच खटल्याचा एक भाग ऐकला होता! बरोबरी झाली की खालचा निकाल कायम. त्यामुळे या मोऱ्या आता फोडून मोठ्या करायच्या आहेत. मुदत २०३०, खर्च अब्जावधी डॉलर.

मासे आले का? हा प्रश्न मला ऑफिसात एकाने विचारलाच. उत्तर फार गोड नाही. प्युजेट साउंडचा चिनूक सॅमन १९९९ पासून आणि स्टीलहेड २००७ पासून संकटग्रस्त यादीत आहेत, आणि दोन्ही अजून यादीतच आहेत. समुद्र तापतोय, हिमनदी मागे सरकतेय, सिअ‍ॅटल वाढतंय (त्यात आम्हीही आलोच).

आणि आय-फाइव्ह. हायवे त्रिभुज प्रदेशातून मातीच्या भरावावरून जातो. नदीला पसरायला तिथे फट तेवढीच उरलीय. पूर आला तर हायवेलाही धोका आणि भरावामागच्या खोऱ्यालाही. भराव काढून रस्ता लांब पुलावर उचलायचा, असा आराखडा राज्याच्या रस्ते खात्याने जमातीबरोबर बसून केला आहे. पैसे पुरते जमलेले नाहीत, आणि रोज लाखभर गाड्या जाणारा रस्ता चालू ठेवून त्याच्याच खालची माती काढायची कशी यावर बैठका चालू आहेत.